पातळ पत्र्याचे मिग वेल्डिंग आणि घरी शिकणारा नवशिका : उष्णतेच्या हिशेबाचे एक विवेचन

गोषवारा : घरगुती विजेवर चालणारी लहान मिग वेल्डिंग यंत्रे आता सामान्य हौशी व्यक्तीच्या आवाक्यात आली आहेत. त्यामुळे उस्तादाच्या देखरेखीवाचून, घराच्या पडवीत किंवा वाहनतळात हे कौशल्य शिकण्याचा प्रयत्न होऊ लागला आहे. सुमारे १ मिमी जाडीचा पत्रा जोडताना नवशिक्यास येणाऱ्या अडचणींची कारणे प्रस्तुत लेखात स्पष्ट केली आहेत. या अडचणींचे मूळ हाताच्या अस्थिरतेपेक्षा उष्णतेच्या चुकलेल्या हिशेबात आहे, आणि घरी शिकणाऱ्याने उस्तादाची जागा परीक्षणाच्या निश्चित पद्धतीने भरून काढणे आवश्यक आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : मिग वेल्डिंग, पातळ पत्रा, उष्णता, अव्यक्त ज्ञान, स्वयंपरीक्षण, सुरक्षितता.

१. प्रस्तावना

धातूचे दोन तुकडे वितळवून एकजीव करण्याच्या क्रियेस वेल्डिंग, अथवा पारिभाषिक मराठीत वितळजोडकाम, असे म्हणतात. महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याच्या गावी फाटके, खिडक्यांचे गज, शेतीची अवजारे यांचे जोडकाम करणारी छोटी दुकाने आढळतात. तेथे प्रामुख्याने वापरली जाते ती लेप दिलेल्या कांडीची, म्हणजेच ज्याला बोलीत नुसते ‘आर्क वेल्डिंग’ म्हटले जाते ती पद्धत. जाड पट्टी, अँगल वा सळई यांच्यासाठी ती उत्तम होय. परंतु घरातील लोखंडी कपाटाचा गंजलेला तळ, जुन्या वाहनाच्या दाराची खालची कड किंवा यंत्रावरील पत्र्याचे आवरण अशी कामे पुढे आली की हीच पद्धत अडचणीची ठरते. कांडी टेकताच पत्र्याला भोक पडते. भोक बुजवावयास जावे तर ते अधिकच मोठे होते.

अशा कामांसाठी मिग पद्धत सोयीची आहे, हे खरे. यंत्राचे बटण दाबले की तार आपोआप पुढे येते, राखेचा थर काढावा लागत नाही आणि पहिल्याच दिवशी काहीतरी चिकटलेले दिसते. परंतु या सुलभतेतच एक धोका दडलेला आहे. जे चिकटलेले दिसते ते जोडले गेलेले असतेच असे नाही. आणि हे सांगणारा जाणकार घरी शेजारी उभा नसतो. भारतात १९५० मध्ये सुरू झालेल्या शिल्पकारागीर प्रशिक्षण योजनेत औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधून वेल्डरचा व्यवसाय शिकण्यासाठी एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. ते वर्ष केवळ हात वळावा म्हणून नसते, तर चुका ओळखणारी नजर तयार व्हावी म्हणूनही असते. घरी शिकणाऱ्यास ही नजर कशी मिळवता येईल, हा प्रस्तुत विवेचनाचा मुख्य प्रश्न आहे.

२. मिग पद्धतीचा विकास आणि स्वरूप

मिग या संक्षेपाचा अर्थ ‘धातू आणि निष्क्रिय वायू’ असा आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या बॅटेल मेमोरियल संस्थेत १९४८ मध्ये ही पद्धत विकसित झाली. आरंभी तिचा उद्देश ॲल्युमिनियमसारखे लोहेतर धातू जोडणे हा होता आणि त्यासाठी आर्गॉनसारखा महागडा निष्क्रिय वायू वापरला जाई. १९५३ मध्ये त्याऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरण्याची पद्धत पुढे आली आणि पोलादाचे जोडकाम स्वस्त झाले. कार्बन डायऑक्साइड हा पूर्णतः निष्क्रिय वायू नसल्यामुळे शास्त्रीय दृष्ट्या या प्रकारास ‘मॅग’ असे वेगळे नाव आहे. तथापि व्यवहारात ‘मिग’ हेच नाव रूढ आहे. आपल्याकडील कारखान्यांतून तर कामगार त्यास ‘सीओटू वेल्डिंग’ असेच म्हणतात.

पातळ पत्र्याच्या दृष्टीने खरा महत्त्वाचा टप्पा १९५० च्या दशकाच्या अखेरीस आला. बारीक तार व कमी विद्युतदाब वापरून, तारेचे टोक पत्र्याला वारंवार टेकवून धातूचा थेंब सोडण्याचे तंत्र तेव्हा प्रचारात आले. या तंत्रात तार पत्र्याला टेकते, क्षणभर ज्योत विझते, टोक वितळून थेंब पत्र्यावर जातो आणि ज्योत पुन्हा पेटते. हे चक्र एका सेकंदात सुमारे २० ते २०० वेळा घडते. ज्योत सतत पेटती नसल्यामुळे पत्र्यास मिळणारी उष्णता मर्यादित राहते. कढईत भजी सोडल्यावर होतो तसा जो एकसारखा चरचराट चांगल्या मिग वेल्डिंगमध्ये ऐकू येतो, तो या चक्राचाच आवाज होय. नवशिक्याने डोळ्यांइतकाच कानांवर भरवसा ठेवावा असे जे सांगितले जाते, त्यामागे हे शास्त्रीय कारण आहे.

या पद्धतीतील यंत्रणेचे घटक थोडक्यात असे सांगता येतील : स्थिर विद्युतदाब पुरवणारे यंत्र, तारेचे रीळ व ती पुढे सारणारे रोलर, तार आणि वायू एकत्र वाहून नेणारी गन, वायूचे सिलिंडर व प्रवाहमापक, आणि कामाच्या वस्तूस जोडावयाचा परतीचा चिमटा. सौम्य पोलादाच्या पत्र्यासाठी तार यंत्राच्या धन टोकास जोडतात. वायूविना चालणारी, पोटात लेपद्रव्य असलेली तार मिळते; तिच्यासाठी मात्र बहुधा ऋण टोक वापरावे लागते. ही अदलाबदल न करता तार तेवढी बदलणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक आहे. शिवाय अशी तार पातळ पत्र्यास अधिक जाचक ठरते. म्हणून १ मिमीच्या पत्र्यावर शिकणाऱ्याने वायू व भरीव तार यांचाच अवलंब करणे श्रेयस्कर होय.

३. पातळ पत्रा का बिघडतो?

नवशिका बहुधा असे समजतो की भोक पडले ते हात थरथरला म्हणून. वस्तुस्थिती वेगळी आहे. जाड पट्टीमध्ये ज्योतीची उष्णता खाली आणि चहूबाजूंना पसरते. पातळ पत्र्यात खाली जाण्यास जागाच नसते; उष्णता केवळ पत्र्याच्या पातळीत पसरू शकते. कडेपाशी तर तिला पसरण्यास अर्धेच क्षेत्र मिळते. परिणामी तीच ज्योत, तेवढाच वेळ, परंतु पत्रा मात्र सौम्य पोलादाच्या सुमारे १५०० अंश सेल्सिअस या वितळबिंदूपलीकडे आरपार जातो आणि धातूचा रस खाली गळतो.

हा हिशेब आकड्यांनी मांडता येतो. १६ व्होल्ट दाब आणि ४५ अँपिअर प्रवाह असेल तर ज्योतीची शक्ती ७२० वॅट होते. घरातील साध्या इस्त्रीची शक्तीही साधारण एवढीच असते. फरक इतकाच की इस्त्री ती शक्ती तळहातापेक्षा मोठ्या पृष्ठभागावर पसरते, तर ज्योत ती काही मिलिमीटरच्या ठिपक्यावर एकवटते. गन दर सेकंदास ५ मिमी या वेगाने सरकली तर शिवणीच्या प्रत्येक मिलिमीटरला १४४ जूल उष्णता पुरवली जाते. तोच वेग ३ मिमीवर आला तर ती २४० जूल होते. यातील काही भाग हवेत जातो हे गृहीत धरले तरी प्रमाण बदलत नाही. यंत्राच्या कोणत्याही बटणास हात न लावता, केवळ हात मंदावल्यामुळे, उष्णता दोनतृतीयांशाने वाढलेली असते. नवशिक्याचा हात नेमका भीतीमुळे मंदावतो. भोक पडेल या भीतीने तो सावकाश जातो आणि सावकाश गेल्यामुळेच भोक पडते.

दुसरा बिघाड म्हणजे पत्रा वाकडातिकडा होणे, फुगणे. पोलादाचे तापमान एका अंशाने वाढले की त्याची लांबी दर मीटरमागे सुमारे ०.०१२ मिमीने वाढते. ३०० मिमी लांबीची पट्टी २०० अंशांनी तापली तर ती सुमारे ०.७ मिमी वाढू पाहते. परंतु शिवणीलगतचा तापलेला भाग भोवतालच्या थंड पत्र्याने जखडलेला असतो. त्याला लांब होता येत नाही. मऊ झालेला असल्याने तो जागच्या जागी दाबला जाऊन जाड होतो. थंड होताना मात्र तो आकुंचन पावतो आणि या वेळी भोवतालच्या पत्र्याला आपल्याकडे खेचतो. कपाटाचे सपाट दार वेल्डिंगनंतर डब्याच्या झाकणासारखे टपटप वाजू लागते, ते याच कारणाने. एकदा आलेली ही विकृती ठोकून काढणे कुशल कारागिरासही जिकिरीचे जाते. म्हणून ती येऊ न देणे हाच खरा उपाय आहे.

थोडक्यात, भोक पडणे आणि पत्रा फुगणे हे दोन वेगळे दोष नसून एकाच कारणाचे दोन परिणाम आहेत. एका जागी, एका वेळी, जरुरीपेक्षा जास्त उष्णता जाणे हे ते कारण होय.

४. यंत्राची जुळवणी

पुढील काळजी गन हाती घेण्यापूर्वीची आहे. १ मिमी पत्र्यासाठी ०.६ मिमी व्यासाची तार सर्वांत सोयीची ठरते. ०.८ मिमी तारेचा छेद तिच्या सुमारे पावणेदोन पट असतो. म्हणजे ती वितळवण्यासाठी त्या प्रमाणात अधिक प्रवाह लागतो आणि ती उष्णता पत्र्यालाही सोसावी लागते. तार बदलली की गनच्या तोंडाशी असलेली तांब्याची टिप आणि रोलरची खाचही त्या मापाची असावी लागते. वायू म्हणून ७५ टक्के आर्गॉन व २५ टक्के कार्बन डायऑक्साइड यांचे मिश्रण वापरल्यास ज्योत शांत राहते व शिंतोडे कमी उडतात. शुद्ध कार्बन डायऑक्साइड स्वस्त पडतो, परंतु त्याची ज्योत अधिक खोल शिरते व अधिक उडते. वायूचा प्रवाह मिनिटास साधारण ८ ते १२ लिटर पुरेसा होतो. तो वाढवत नेल्याने संरक्षण वाढत नाही. उलट भोवरे निर्माण होऊन बाहेरची हवा आत ओढली जाते.

प्रवाहाविषयी एक ढोबळ नियम सांगितला जातो : पत्र्याच्या जाडीच्या दर इंचाच्या हजाराव्या भागास एक अँपिअर. १ मिमी म्हणजे सुमारे ४० हजारांश इंच. म्हणून सुमारे ४० अँपिअरपासून आरंभ करावा. मात्र बहुसंख्य साध्या मिग यंत्रांवर प्रवाहाचे स्वतंत्र बटण नसते, ही बाब नवशिक्यास गोंधळात टाकते. तेथे विद्युतदाब आणि तारेचा वेग अशी दोन बटणे असतात. तारेचा वेग वाढवला की ती वितळवण्यासाठी यंत्र आपोआप अधिक प्रवाह देते. अर्थात तारेचे बटण हेच प्रवाहाचे बटण होय. वेग दाबाच्या मानाने जास्त झाला तर न वितळलेली तार पत्र्यावर ठोसे मारते आणि हाताला धक्के जाणवतात. वेग कमी झाला तर तार मागे जळत जाऊन टिपेला चिकटते. या दोन टोकांच्या मधला एकसारखा चरचराट शोधणे हाच पहिला स्वाध्याय होय.

टिपेच्या बाहेर आलेली तार ६ ते १० मिमी असावी. गन उभ्या रेषेपासून १० ते १५ अंश कलती धरून शिवणीच्या दिशेने पुढे ढकलत न्यावी. पुढे ढकलल्याने ज्योत कमी खोल शिरते आणि पातळ पत्र्यास तेच हवे असते. परतीचा चिमटा रंगावर न लावता घासून उघड्या केलेल्या धातूवर आणि शिवणीच्या जवळ लावावा. पत्र्याच्या कडा रंग, गंज व तेल यांपासून दोन्ही बाजूंनी मुक्त असाव्यात. जोडावयाच्या दोन कडांमध्ये फट जवळजवळ नसावी. कारण फट म्हणजे उष्णतेला आधार नसलेली जागा. दुकानातून आणलेली मुख्य वस्तू बाजूला ठेवून कात्रीकामात उरलेल्या त्याच जाडीच्या तुकड्यांवर ही सर्व जुळवणी पारखून घ्यावी, हे वेगळे सांगावयास नको.

५. सरावाचा क्रम

हौशी शिकणाऱ्याचा स्वाभाविक ओढा पहिल्या दिवशीच लांब, मण्यांच्या माळेसारखी सुबक शिवण काढण्याकडे असतो. पातळ पत्र्याच्या बाबतीत हे उद्दिष्टच चुकीचे आहे. येथे वेल्डिंगची तुलना रंगाच्या रेषेशी न करता हातशिवणीशी करणे अधिक उचित ठरेल. आधी दूरदूर टाके, मग त्यांच्या मध्ये टाके, आणि शेवटी सलग शिवण.

सरावाचे पाच टप्पे सुचवता येतात. पहिल्या टप्प्यात एका सपाट तुकड्यावर, काहीही न जोडता, केवळ ठिपके टाकावेत. बटण सुमारे एक सेकंद दाबून सोडावे आणि पत्रा उलटून मागची बाजू पाहावी. मागे काहीच दिसत नसेल तर उष्णता कमी, निळसर-काळा डाग व किंचित उंचवटा दिसत असेल तर योग्य, भोक असेल तर जास्त. दुसऱ्या टप्प्यात एकावर एक ठेवलेले दोन तुकडे कडेने जोडावेत. या जोडात खालचा पत्रा उष्णता ओढून घेत असल्याने भोक पडण्याचा संभव कमी असतो. तिसऱ्या टप्प्यात काटकोनातील जोड घ्यावा. चौथ्या टप्प्यात कडेला कड भिडवून केलेला सपाट जोड घ्यावा. हाच सर्वांत अवघड होय. पाचवा टप्पा उभ्या पत्र्याचा. कपाटाचा तळ वा वाहनाचे दार जागेवर दुरुस्त करावयाचे तर काम क्वचितच आडवे मिळते. पातळ पत्र्यावर उभी शिवण वरून खाली आणणे सोयीचे असते, कारण हात वेगाने सरकतो व उष्णता कमी साठते.

सपाट जोडात प्रथम दोन्ही टोकांस, मग मध्यभागी, आणि त्यानंतर प्रत्येक अंतराच्या मध्यावर असे टाके घालत जावे; टाक्यांमधील अंतर २५ ते ३० मिमीवर येईपर्यंत हा क्रम चालू ठेवावा. पुढे मधली जागा भरतानाही एका टोकापासून सलग न जाता आलटूनपालटून दूरच्या जागा घ्याव्यात आणि प्रत्येक टाका थंड होऊ द्यावा. १ मीटरची शिवण भरण्यास एखादा तास लागला तरी त्यात कमीपणा नाही. या कामातील निम्मा वेळ न जोडण्याचा, म्हणजे थांबण्याचा असतो.

शिवणीच्या मागे तांब्याची पट्टी दाबून धरणे हा जुना आणि शास्त्रशुद्ध उपाय आहे. तांब्याचा वितळबिंदू १०८५ अंश, म्हणजे पोलादापेक्षा बराच कमी आहे. तरीही पोलादाचा रस तिला चिकटत नाही. कारण तांबे सौम्य पोलादाच्या सुमारे सात-आठ पट वेगाने उष्णता वाहून नेते आणि त्याचा पृष्ठभाग वितळण्याइतका तापतच नाही. पातळ पत्र्याला निसर्गतः नसलेली जाडी ही पट्टी तात्पुरती पुरवते, असे म्हणता येईल.

६. शिवणीची परीक्षा

मायकेल पोलान्यी यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ज्या अव्यक्त ज्ञानाची मांडणी केली, त्याचे वेल्डिंग हे उत्तम उदाहरण मानता येईल. जाणकार वेल्डरला रसाच्या डबक्याकडे पाहून ते आता खचणार हे समजते. पण ते कशावरून समजले हे त्याला शब्दांत सांगता येईलच असे नाही. कार्यशाळेत हे ज्ञान शेजारी उभे राहून, चुकीच्या क्षणी मिळालेल्या टोकण्यातून संक्रमित होते. घरी ते टोकणे नसते. त्याची जागा घेऊ शकेल असा एकच परीक्षक शिकणाऱ्यापाशी असतो, तो म्हणजे तोडून पाहिलेली शिवण.

मिग पद्धतीचा सर्वांत फसवा दोष असा की कमी उष्णतेत तारेचा धातू पत्र्यावर नुसता बसतो, पत्र्यात मिसळत नाही. वरून पाहता शिवण उंच, गोल आणि नीटनेटकी दिसते. भोकाच्या भीतीने उष्णता कमी करत गेलेला नवशिका हमखास याच ठिकाणी येऊन पोहोचतो आणि आपणास कला साधली असे समजतो. म्हणून प्रत्येक सराव-जोडाची तीन प्रकारे परीक्षा व्हावयास हवी. पहिली, मागच्या बाजूची : शिवणीच्या रेषेत रस आरपार आल्याची बारीक, सलग खूण दिसली पाहिजे. दुसरी, वाकवण्याची : तुकडा व्हाइसमध्ये धरून शिवणीवर हातोडीने मागेपुढे वाकवावा. शिवण सोलून निघाली तर जोड झालेला नाही. शिवण शाबूत राहून लगतचा पत्रा फाटला तर जोड पत्र्यापेक्षा कमकुवत नाही असे मानता येते. तिसरी, कापण्याची : शिवण करवतीने आडवी कापून कड घासावी व भिंगातून पाहावी. आतली छिद्रे आणि दोन धातूंमधील न मिसळलेली रेषा येथे उघड होते.

प्रत्येक तुकड्यावर खडूने दाब, तारेचा वेग व तारीख लिहून ठेवल्यास महिन्याभरात या तुकड्यांचीच एक वही तयार होते. बिघडलेले तुकडे भंगारात टाकण्याची घाई करू नये. चुकीचे कारण त्यांच्यातच लिहिलेले असते.

७. घर ही कार्यशाळा नव्हे

आतापर्यंतच्या विवेचनात चूक झाली तर पत्रा वाया जातो. पुढील बाबींत चूक झाली तर माणूस वाया जातो, म्हणून त्यांचा स्वतंत्र विचार आवश्यक आहे.

ज्योतीतील अतिनील किरणांनी डोळ्याच्या बाह्य पटलास इजा होते. तिची वेदना लगेच जाणवत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होऊ लागते. कार्यशाळांतून यावर बटाट्याचे काप वा दूध असे उपाय सांगितले जातात. नेत्रतज्ज्ञास दाखवणे हाच योग्य मार्ग होय. आपोआप काळी होणारी, १० क्रमांकाच्या आसपासची प्रमाणित काच असलेले शिरस्त्राण, कातडी हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे सुती कपडे यांविना गन हाती घेऊ नये. घरात विशेष धोका असतो तो बघ्यांना. मुले कुतूहलाने उभी राहतात आणि त्यांच्या डोळ्यांवर काच नसते.

धुराचा प्रश्न अधिक गंभीर आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगच्या धुराचे वर्गीकरण गट १ मध्ये, म्हणजे मानवात कर्करोगकारक असल्याचा पुरेसा पुरावा असलेल्या घटकांत केले. त्यातही जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा नवशिक्याने मुळीच हाताळू नये. कपाट आणि धान्याची कोठी दोन्ही ‘पत्र्याचीच’. परंतु कपाटाचा पत्रा साधा रंगवलेला, तर कोठीचा बहुधा जस्ताचा. जस्त ९०७ अंशांना उकळते, म्हणजे पोलाद वितळण्याच्या कितीतरी आधी त्याची वाफ झालेली असते. ही वाफ हवेत जळून पांढरा धूर होतो व तो श्वासावाटे गेल्यास काही तासांनी थंडी वाजून ताप येतो. कोठ्या घडणारे पत्रेकारागीर जोडाला घडी घालून रिव्हेट वा डाख देत आले, त्यामागे हे शहाणपणही आहे. तसेच क्लोरीनयुक्त द्रावकाने पत्रा पुसून लगेच ज्योत पेटवल्यास फॉस्जीन हा विषारी वायू निर्माण होऊ शकतो.

येथे घरगुती परिस्थितीतील एक पेच लक्षात घ्यावा लागतो. डोक्यावरचा पंखा चालू ठेवला तर संरक्षक वायू उडून शिवण सच्छिद्र होते. पंखा बंद करून दारे लावली तर धूर कोंडतो. शिवाय आर्गॉन हवेपेक्षा जड असल्याने बंदिस्त व खोल जागेत साठून प्राणवायू हटवतो. दोन बाजूंनी उघडी पडवी, शिवणीपासून दूर ठेवलेला आणि हवा बाहेर फेकणारा पंखा, व धुराच्या लोटात तोंड न नेण्याची सवय हा त्यातील मध्यममार्ग होय. योग्य प्रकारचा श्वसनमुखवटा त्यास जोड म्हणून असावा. पर्याय म्हणून नव्हे.

पातळ पत्र्याच्या कामाला लागणारी वीज २३० व्होल्ट, १६ अँपिअरच्या घरगुती जोडणीच्या मर्यादेत बसते. मात्र अर्थिंग खात्रीचे हवे आणि जोडवायर जाड व पूर्ण उलगडलेली हवी. हृदयात पेसमेकर असलेल्या व्यक्तीने वैद्यकीय सल्ल्याविना यंत्राजवळ थांबू नये. पत्र्याच्या पलीकडच्या बाजूस काय आहे हे प्रत्येक वेळी पाहावे. ठिणगी अलीकडे पडते, आग पलीकडे लागते. काम संपल्यावर निदान एक तास ती जागा नजरेखाली असावी. पेट्रोलची टाकी, मग ती रिकामी असली तरी, या सरावाचा विषय होऊ शकत नाही.

८. समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते की पातळ पत्र्याचे मिग वेल्डिंग ही मूलतः उष्णता मोजूनमापून देण्याची आणि वेळेवर थांबण्याची विद्या आहे. बारीक तार, अल्प प्रवाह, दूरदूरचे टाके, तांब्याचा आधार आणि थंड होण्यास दिलेला अवकाश ही सर्व त्या एकाच तत्त्वाची व्यावहारिक रूपे होत. यंत्र सुलभ झाले म्हणून हे तत्त्व सुलभ होत नाही.

दुसरे असे की देखरेखीविना शिकणाऱ्याने स्वतःच्या कामाचा स्वतःच परीक्षक होणे अपरिहार्य आहे. महाविद्यालयीन प्रात्यक्षिकांतही विद्यार्थ्याची तयार वस्तू पाहून गुण दिले जातात. ती तोडून, कापून का टिकली वा का तुटली हे पाहण्यास वेळ उरत नाही. पत्र्याचा एक वाकवलेला तुकडा या उणिवेकडे लक्ष वेधतो. जे ज्ञान सांगता येत नाही ते निदान तपासता येते, आणि तपासण्याची सवय शिकवताही येते.

शेवटी मर्यादेचा विचार. तोडून पाहण्याची परीक्षा सरावाच्या तुकड्यांची होते, प्रत्यक्ष कामाची नव्हे. म्हणून घरी शिकलेल्या हाताने कपाटाचा तळ जोडावा, यंत्राचे आवरण जोडावे. तो जोड सुटला तर फार तर पत्रा पुन्हा जोडावा लागेल. झोपाळ्याची कडी, जिन्याची पायरी, वाहनाचा सांगाडा यांची गोष्ट निराळी. तेथे शिवण सुटली तर तिची किंमत दुसराच कोणीतरी मोजतो. आपली कोणती शिवण अद्याप भरवशाची नाही हे ज्याला ठामपणे सांगता येते, त्याचे शिक्षण योग्य दिशेने चालले आहे असे समजण्यास हरकत नाही.